एक, दोन, दोन

कागदावरचं वाक्य तिने तीनदा वाचलं, आणि तिसऱ्या वेळी तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘सदर कर्मचाऱ्यास स्फटिकाच्या प्रतलांचे निर्देशांक या विषयाचे ज्ञान नसल्याने कापणीत चूक झाली.’ खाली सहीसाठी रेघ, रेघेखाली तिचं पूर्ण नाव, पुढे हुद्दा, त्याच्यापुढे नोकरीची वर्षं, सव्वीस. धाकटे साहेब टेबलापलीकडे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी माया होती की कुणालाही वाटावं, हे आत्ता उठून हिच्या डोक्यावरून हात फिरवतील. मावशी, तुम्हाला काहीच होणार नाही, ते म्हणत होते. पगाराला धक्का नाही, जागेला धक्का नाही, फाइलीत एक कागद लागतो म्हणून लावायचा. शिवाय यात तुमचा दोष असा नाहीच. जे शिकवलंच नाही ते माणसाला येणार कुठून? मावशी हा शब्द तिला कधीच आवडला नव्हता. कुणाची मावशी, कुठली मावशी! पण आज त्या शब्दाचा राग यायलाही जागा उरली नव्हती, सगळी जागा त्या दोन शब्दांनी घेतली होती. ज्ञान नसल्याने. घरी वाचून आणते, ती म्हणाली. साहेब हसले, म्हणाले, अहो, एकच तर ओळ आहे. पण मग म्हणाले, बरं, उद्या दहापर्यंत आणा, मोठे साहेबही असतील. तिने कागदाची चार पदरी घडी केली आणि तो डब्याच्या पिशवीत घातला.

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण दात आवळून धरलेत. खाली कापणी विभागात नेहमीचा आवाज होता, पाण्याची धार आणि तिच्यात फिरणारं हिऱ्याच्या कणांचं पातं. या कारखान्यात भट्टीतून सिलिकॉनचे दांडे निघत, मनगटाएवढे जाड, काळपट चकचकीत. त्यांच्या पातळ चकत्या कापायच्या हे तिचं काम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काकडी चिरण्यासारखं आहे. दांडा कुठूनही बघा, सारखाच दिसतो. पण आत कणांच्या रांगा लागलेल्या असतात, वर खाली, आजूबाजूला, ठरलेल्या अंतरावर, लाखो घरांच्या वसाहतीसारख्या. त्या वसाहतीतून सुरी कुठल्या तिरप्या अंगाने गेली यावर चकतीची सगळी लायकी ठरते. ते अंग म्हणजे प्रतल, आणि ते सांगायला तीन आकडे, निर्देशांक. तेवढे तीन आकडे कामाच्या कार्डावर येतात, शेजारी दांडा किती अंश कलवायचा तो कोन येतो, ती दांडा मेणाने पाटावर चिकटवते, पाट कलवते, क्ष-किरणांच्या यंत्राखाली धरून कोन तपासते आणि मग पातं लावते. सव्वीस वर्षांत तिच्या हातून किती दांडे गेले याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही. एवढं खरं की यंत्राने काटा दाखवायच्या आधी तिचा हात थांबलेला असायचा.

आणि आता चाळीस चकत्या परत आल्या होत्या. गिऱ्हाइकाने मागितलं होतं दोन-एक-एक हे प्रतल, आणि हातात पडलं एक-दोन-दोन. गिऱ्हाइकाने आपल्या पत्रासोबत एका घनाचं चित्र पाठवलं होतं, त्यात तिरकं प्रतल काढलेलं, आणि ते तीन कडांना कुठे कुठे छेदतं ते लिहिलेलं: एकीला एक अंतरावर, उरलेल्या दोघींना दोन अंतरावर. छेद एक, दोन, दोन. छेदांवरून निर्देशांक काढायचे तर प्रत्येक आकडा उलटा करायचा, एकाचा एक, दोनाचा अर्धा, दोनाचा अर्धा, आणि अपूर्णांक नकोत म्हणून सगळ्यांना दोनाने गुणायचं. दोन, एक, एक. तिसरीतल्या पोराला जमेल एवढं गणित. धाकट्या साहेबांनी ते उलटं केलंच नाही. चित्रावरचे आकडे जसेच्या तसे उचलले आणि कार्डावर टाकले. नवशिक्याची पहिली चूक असते ती, सगळ्यांची होते. पण आता ते म्हणत होते की कार्डावर आम्ही छेदच लिहिले होते, कापणाऱ्याने त्यावरून निर्देशांक काढायला हवे होते, त्या बाईने छेदांनाच निर्देशांक समजून पातं लावलं. वा रे वा! म्हणजे ज्याला उलटं करता आलं नाही तो साहेब, आणि जिला सव्वीस वर्षं कुणी विचारलंही नाही, तिला ते यायला हवं होतं, आणि येत नाही म्हणून माफीही तीच मागणार.

तिला येत होतं. बोंब तिथेच होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने क्ष-किरणांच्या यंत्रावरच्या काकांना विचारलं होतं, हे तीन आकडे म्हणजे काय. काका तसे भले, पण म्हणाले, तुला काय करायचंय, कोन बघ आणि काप. तिला ते जिव्हारी लागलं. शाळेत गणितात ती दोनदा नापास झालेली, त्यामुळे आकड्यांनी तिला हिणवलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. रद्दीच्या कपाटात एक पातळ पुस्तक सापडलं, मागची पानं गेलेलं, ते तिने पिशवीत घालून घरी नेलं. वर्षभर त्या पुस्तकाने तिला नाचवलं. धुण्याच्या साबणाची वडी आणायची, तिचा चौकोनी ठोकळा करायचा, एका कोपऱ्यात काड्यापेटीच्या तीन काड्या टोचायच्या, हे तीन अक्ष, आणि ओल्या दोऱ्याने ठोकळा तिरका कापायचा. ओटाभर साबणाचे तुकडे. नवरा म्हणायचा, या घरात कपडे दोन माणसांचे आणि साबण अख्ख्या पलटणीचा. दोरा कुठल्या काडीला कुठे कापतो ते मोजता यायचं, उलटं करायचं तेही यायचं, पण उलटं का करायचं ते काही केल्या कळायचं नाही. जे सरळ मोजलं ते सरळ लिहावं, ही उठाठेव कशाला? आणि शून्याने तर तिचा जीव खाल्ला. एखादं प्रतल एखाद्या अक्षाला समांतर गेलं, त्याला कधी भेटलंच नाही, तर पुस्तक म्हणे तिथे शून्य लिहा. शून्य अंतरावर तर सगळे भेटतात! कधीच न भेटणाऱ्याला शून्य कसं?

वडिलांनी सोडवलं ते. वडील शिंपी. तेव्हा थकले होते, दुकान बंद केलं होतं, पण हाताला सवय म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे उसवलेले कपडे घेऊन खिडकीशी बसायचे. ती भेटायला गेली तेव्हा सहज बोलून गेली, बाबा, असं असं आहे आणि माझ्या टाळक्यात शिरत नाही. त्यांनी हातातलं कापड पुढे केलं. म्हणाले, कापड आधी बघायचं, मग बेतायचं, ही तुला लहानपणापासूनची शिकवण. उभ्या धाग्याच्या कडेने कात्री चालव. आडवे धागे किती कापले गेले? सगळे. उभे किती? एकही नाही. मग उभ्याचा आकडा काय? शून्य. आणि उरेब, तिरकं कापलंस तर दोन्ही कापले जातात, कमीजास्त. पोरी, कात्री किती लांब जाऊन धाग्याला लागली हे कोण मोजतो? किती धागे कापले ते मोज. एवढं बोलून ते सुईत दोरा ओवायला लागले, आणि तिला मात्र हसू येईना आणि रडू आवरेना. उलटं करणं ही उठाठेव नव्हतीच. एका घराएवढ्या अंतरात अक्ष किती वेळा कापला जातो, एवढंच ते आकडे सांगत होते. दोन-एक-एक म्हणजे एकाला दोनदा, दुसऱ्यांना एकेकदा. अर्ध्यावर भेटतो तो दोनदा कापतो. कधीच भेटत नाही तो शून्य वेळा. इतकं साधं! त्या संध्याकाळी बसमधून परतताना तिला खिडक्यांचे गज, फरशांच्या रेघा, समोरच्या इमारतीच्या तिरक्या सावल्या, सगळ्यांवर आकडे दिसत होते. हे कुणाला सांगावं असं घरी कुणी नव्हतं. कारखान्यात सांगायची सोय नव्हती. मग ते तिच्याजवळच राहिलं, चोवीस वर्षं, आणि तिच्या हाताला जो लौकिक मिळाला त्याचं सगळं श्रेय लोक तिच्या हाताला देत राहिले.

हे असं चाललं होतं ते बरं चाललं होतं. धाकटे साहेब आले आणि दोन महिन्यांनी एका कार्डावरचा कोन तिला खटकला. वर जाऊन तिने सांगितलं, साहेब, हा कोन या प्रतलाचा दिसत नाही. खोलीत आणखी तिघे जण होते. साहेबांनी कार्ड घेतलं, बघितलं, कोन बदलला, म्हणजे चूक होतीच. आणि कार्ड परत देताना हसत म्हणाले, “मावशी, आकडे आम्ही बघतो, तुम्ही कापा.” तिघेही हसले. दुष्टपणाने नाही, असंच, चहाच्या घोटाबरोबर हसतात तसं. तिला तोंडात मारल्यासारखं झालं. खाली येऊन तिने तो दांडा कापला, सुंदर कापला. अपमान मोठा असता तर भांडता आलं असतं. हा एवढासा होता, कुसळाएवढा, दिसत नाही आणि काढताही येत नाही.

आणि मग ते कार्ड आलं. एक-दोन-दोन. टाचणीने मागे गिऱ्हाइकाचं चित्र लावलेलं. तिने कार्ड उलटलं, चित्र बघितलं, आणि डोक्यात आकडे आपोआप उलटले. दोन-एक-एक. परत कार्ड बघितलं. कोनाच्या रकान्यात पंधरा पूर्णांक आठ. यंत्राशेजारच्या भिंतीवर काकांच्या हातचा तक्ता आहे, कुठल्या प्रतलाला दांडा किती कलवायचा त्याचा. तो तिला तोंडपाठ. दोन-एक-एकला साडेएकोणीस, आणि तेही दुसऱ्या बाजूला. कार्ड चुकलं होतं, त्यात शंका नव्हती. ती जिन्याशी गेली. चार पायऱ्या चढली. वरच्या खोलीतून बोलण्याचे आवाज येत होते. तिने कठड्यावर हात ठेवला, लोखंड गार होतं, आणि तिच्या मनात स्पष्ट शब्द उमटले: आकडे ते बघतात, आपण कापायचं. ती चार पायऱ्या उतरली. मेण तापवलं, दांडा चिकटवला, पाट पंधरा पूर्णांक आठवर आणला, तपासला, पुन्हा तपासला, कारण वाकडं कापायचं तरी ते नेमकं कापायचं, आणि पातं लावलं. दोन दिवस चालली कापणी. त्या दोन दिवसांत तिने किती वेळा पाणी बंद करायला हात नेला! पण नेला आणि परत आणला. शेवटच्या चकतीपर्यंत तिच्या पोटात एक गार, गोड सूड होता, आणि शेवटची चकती पडल्यावर तो एकदम आंबला. तीन आठवडे भट्टीने वाढवलेला, एकाही कणाची रांग न मोडलेला दांडा, त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं? कापड वाकडं पडलंय हे दिसत असताना जो कात्री चालवतो त्याला वडील कारागीर म्हणत नसत. काय म्हणत ते तिला आठवत होतं आणि ते ती मनातही उच्चारत नव्हती.

नवऱ्याने कागद वाचला तो चष्मा कपाळावर सरकवून, जवळ धरून. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, कागदांशी त्याचं जन्माचं नातं. म्हणाला, चांगला कागद आहे, कुणीतरी विचार करून लिहिलाय, सही करून मोकळी हो. तिने मग त्याला सांगितलं, पहिल्यापासून, चित्र, छेद, उलटे आकडे, तक्ता, चार पायऱ्या. तो ऐकत होता. ती थांबल्यावर त्याने विचारलं, “पण तुला खरंच येतं हे?” एवढे साबण, एवढी वर्षं, आणि हा माणूस विचारतोय. तिने रागाने त्याच्याकडे बघितलं, तर त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती, निखळ आश्चर्य होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तो बिचारा पुढे समजावत राहिला. न येणाऱ्याला माफी असते, अगं. कुठल्याही कचेरीत जा. येत नव्हतं म्हटलं की फाइल बंद होते. येत होतं म्हटलंस की पुढचा प्रश्न येतो, मग केलंस कशाला? त्याला काय उत्तर आहे तुझ्याकडे? राग आला होता? हे कागदावर लिहिता येतं? निवृत्तीला चार वर्षं राहिली तुझी. तिला कळत होतं की तो म्हणतोय त्यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. जेवणात लक्ष लागलं नाही, भांडी घासताना एक ताट दोनदा घासलं गेलं.

सकाळी ती एक थांबा आधीच उतरली आणि चालत निघाली. रस्त्याच्या कडेला फरशी बसवणारे बसले होते, एक जण फरशीवर तिरकी रेघ मारत होता. तिच्या डोक्यात रात्रीपासून एक सोपी वाट तयार होती. साहेबांनी स्वतःच्या हाताने कोन लिहिलाय, पंधरा पूर्णांक आठ. ते छेद असते तर हा कोन आलाच नसता. एक-दोन-दोन हे निर्देशांकच धरले तरच तो येतो. एवढं दाखवलं की साहेब चारी मुंड्या चीत. मी काय, मी हुकमाची ताबेदार, लिहिलं तसं कापलं. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. मग असं का वाटतंय की हेही त्या कागदासारखंच आहे? तिथे म्हणायचं मला येत नाही, इथे म्हणायचं मी बघितलंच नाही. दोन्हीकडे डोकं घरी ठेवून हात तेवढे कामाला पाठवलेली बाई. त्या बाईला सव्वीस वर्षं सगळ्यांनी मान दिला होता, सांभाळून घेतलं होतं, सुगरणीच्या हाताचं करतात तसं तिच्या हाताचं कौतुक केलं होतं. ती बाई नव्हतीच कधी. तिला मरायचं असेल तर मरू दे, तिच्या नावाने मी सही करणार नाही, असं ती चालता चालता जवळजवळ मोठ्याने म्हणाली, आणि समोरून येणारा एक माणूस बाजूला झाला.

दहा वाजता मोठे साहेब आले होते, निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे. धाकट्या साहेबांनी हात पुढे केला, झाली का सही. तिने कागद दिला नाही. टेबलावरचं कार्ड आणि त्यामागचं चित्र मागून घेतलं, कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्याच लिहायला लागली. छेद एक, दोन, दोन. उलटे केले. दोनाने गुणले. दोन, एक, एक. मग कार्डावरच्या कोनाखाली बोट ठेवलं आणि म्हणाली की हा पंधरा पूर्णांक आठ छेदांवरून निघत नाही, तो एक-दोन-दोनला निर्देशांक धरूनच निघतो, तेव्हा कार्डावर छेद लिहिले होते हे म्हणणं बरोबर नाही. धाकट्या साहेबांचा चेहरा उतरला. क्षणभर तिला त्यांची दयाही आली. पोरसवदा माणूस, घाबरून खोटं बोलला होता. मोठ्या साहेबांनी तिचा कागद जवळ ओढला, वाचला, आणि कार्डाशी ताडून पाहिला.

मग ते म्हणाले की झालं, प्रश्न मिटला, चूक कार्डाची आहे, यात तुमचा संबंधच येत नाही. नवा कागद करू, तुमचं नाव काढून टाकू. आणि वर जोडलं, अगदी मनापासून, की बाई, तुम्ही लिहिलं तसं कापलंत, तेव्हा तुम्हाला बिचारीला काय कल्पना! धाकट्या साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. तिच्याही अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. दार तीन पावलांवर होतं. नवरा म्हणाला असता, झालं ना, आता नीघ तिथून. तिने पाऊल उचललंही.

“मला कल्पना होती,” ती म्हणाली.

दोघांनी वर बघितलं. ती म्हणाली की कापायच्या आधी चित्र बघितलं होतं, तेव्हाच कळलं होतं. सांगायला मी जिन्यापर्यंत आले होते. आकडे आम्ही बघतो असं मला सांगितलेलं होतं, त्याचा राग होता, म्हणून परत फिरले आणि कापलं. दोन दिवस कापत होते, दोन दिवस माहीत होतं. मोठे साहेब हळूच म्हणाले, हे बोलायची गरज नाही, मी ऐकलं नाही असं समजतो. त्यांच्या आवाजात तीच माया होती, काल धाकट्या साहेबांच्या आवाजात होती ती. तिने पिशवीतून कालचा कागद काढला, घडी उलगडली, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. ‘ज्ञान नसल्याने’ यातला ‘नसल्याने’ हा शब्द एका रेघेने खोडला आणि त्याच्यावर, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, ‘असूनही’ लिहिलं. वाक्य एकदा वाचून पाहिलं. मग खालच्या रेघेवर सही केली, तारीख घातली.

“याचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“काय व्हायचं ते होऊ दे,” ती म्हणाली. “शिक्षा द्या. पण येणाऱ्या माणसाला देतात तेवढी द्या, त्यात एवढीशीसुद्धा सूट नको.”